घर आणि प्रयोगशाळा

जी विद्या आपल्या नित्याच्या जीवनाला अगदीं लागून असते, तिच्याविषयींच आपण सर्वांत कमी विचार करतों, असें पुष्कळदां दिसून येतें. वैद्यकाविषयीं प्रत्येक घरांत कांहीं ना कांहीं बोलणें निघतें, कायद्याविषयीं निघतें, शिक्षणाविषयीं तर निघतेंच निघतें. परंतु ज्या घरांत बसून हें सर्व बोलणें चालतें, तें घर तसें कां बांधलें, त्याची खिडकी पश्चिमेलाच कां, त्याचें छत इतकें ठेंगणें कां, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. भाडें, कर्ज, पाणी व शेजार हे चार विषय संपले कीं आपल्यापुरता घराचा विषय संपला. घर बांधण्याची विद्या युनिव्हर्सिटींत शिकवितात एवढें सुशिक्षितांस ठाऊक असतें. पण त्या विद्येंत संशोधनही चालतें, आणि त्या संशोधनासाठीं रसायनशास्त्राच्या किंवा पदार्थविज्ञानाच्या असतात तशाच प्रयोगशाळा असतात, हें ऐकून तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यांत केस पिकविलेल्या माझ्यासारख्या माणसासही प्रथम आश्चर्यच वाटलें.

माझी एक पुतणी अशाच एका वास्तुशाळेंत संशोधनाचें काम करते. मागच्या उन्हाळ्यांत ती घरीं आली असतां मला म्हणाली, “काका, तुम्ही वर्गांत सुखावर तासन् तास व्याख्यानें देतां. एकदां आमच्याकडे येऊन बसा. आम्ही तें सुख मोजतों.” मुलीच्या बोलण्यांत थट्टा होती, परंतु निमंत्रण खरें होतें, म्हणून मी गेलों.

तिनें मला सारी शाळा हिंडवून दाखविली. एका लांबलचक बोगद्यांत मोठ्या पंख्यानें वारा सोडून, त्यांत मांडलेल्या वीतभर घरांच्या वस्तीवरून तो कसा वाहतो हें धुराच्या रेषांवरून पाहत होते. दुसऱ्या खोलींत मेजावर घराचें पुठ्ठ्याचें मॉडेल ठेवून त्याच्याभोंवतीं एक दिवा सूर्यासारखा फिरवीत होते; मार्गशीर्षांतलें ऊन कोणत्या खोलींत कोठवर शिरेल आणि वैशाखांतलें कोठें अडेल, हें दोन मिनिटांत डोळ्यांना दिसत होतें. तिसरीकडे विटा यंत्राखालीं दाबून फोडीत होते आणि कोणती वीट किती भार सोसून फुटली हें टिपून ठेवीत होते. शेवटीं मला एका बिनखिडकीच्या खोलींत नेऊन बसविलें. तेथें उष्णता, आर्द्रता व वाऱ्याचा वेग हीं तिन्ही बाहेरून पाहिजे तशीं ठेवतां येत होतीं. दर पंधरा मिनिटांनीं एक कागद हातीं येई. त्यावर सात घरें होतीं: फार थंड, थंड, किंचित् थंड, सम, किंचित् उष्ण, उष्ण, फार उष्ण. आपल्याला त्या क्षणीं जें वाटत असेल त्या घरावर खूण करावयाची, एवढेंच काम.

मी पहिल्या तीन वेळां ‘सम’ या घरावर खूण केली. माझ्या शेजारीं त्याच कामासाठीं आलेल्या एक बाई बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेस माझी दृष्टि सहज त्यांच्याकडे गेली, तों त्यांनीं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता आणि त्यांची पेन्सिल ‘थंड’ या घरावर होती. खोली एक, हवा एक, घटका एक. मला तेथें सम वाटत होतें आणि त्यांना थंडी वाजत होती. आमच्या दोघांच्या खुणांची सरासरी काढली असती, तर ती ‘किंचित् थंड’ अशी आली असती. म्हणजे आम्हां दोघांपैकीं ज्याला कोणालाच वाटलें नव्हतें असें कांहींतरी त्या कागदावर सिद्ध झालें असतें! तेव्हांपासून जो प्रश्न मनांत घोळत राहिला आहे, तोच या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रश्न असा. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत ज्यावर प्रयोग करावयाचा तो पदार्थ जड असतो. चूक झाली तर नळी फुटते, आणि नवी नळी आणतां येते. वैद्यकाच्या प्रयोगशाळेंत प्रयोग अखेर माणसावर येतो हें खरें, परंतु तेथें रोग्याची संमति घ्यावयाची असा दंडक आतां सर्वमान्य झाला आहे. वास्तुविद्येचा प्रयोग मात्र प्रयोगशाळेंत संपत नाहीं. तेथें निघालेला अंक पुस्तकांत जातो, पुस्तकांतून नियमांत जातो, नियमांतून भिंतींत जातो. आणि ज्यानें कधीं कोणत्याही कागदावर खूण केली नाहीं, ज्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं, तो मनुष्य त्या भिंतींच्या आंत तीस-चाळीस वर्षें काढतो. मग अशा संशोधनाची नीति कोणती? घराचें सुख मोजतां येतें काय. येत असल्यास कोणाचें मोजावें. आणि एकाचें मोजलेलें सुख दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार मोजणाराला कोठून येतो?

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वास्तुशाळेंतील प्रयोगांचे दोन वर्ग पडतात. कांहीं प्रयोगांत प्रश्न सृष्टीला विचारलेला असतो, आणि कांहींत माणसाला. पहिल्या वर्गाचें उत्तम उदाहरण जर्मनींत सांपडतें. फ्राय ओटो या वास्तुविशारदानें १९६४ सालीं स्टुटगार्ट येथील विद्यालयांत हलक्या बांधणीच्या अभ्यासासाठीं एक संस्था काढली. तेथें मोठमोठ्या छतांचा आकार ठरविण्यासाठीं तो तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यांत बुडवून काढीत असे. चौकटींत जो पापुद्रा धरतो, तो त्या कडांमध्यें शक्य तितकें कमी क्षेत्रफळ व्यापतो आणि त्यांतील ताण सर्व दिशांना सारखा असतो. ज्या आकाराचें गणित अतिशय बिकट, तो आकार साबणाचा फेंस क्षणार्धांत दाखवून देतो. म्यूनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक क्रीडागारावर जें काचेसारखें पारदर्शक छत तंबूप्रमाणें ताणलेलें आहे, त्याच्यामागें असल्या प्रयोगांची परंपरा आहे. साबणाचा पापुद्रा कोणाची भीड धरीत नाहीं. तो श्रीमंताच्या चौकटींत एक आकार आणि गरिबाच्या चौकटींत दुसरा आकार घेत नाहीं. असल्या प्रयोगांत नीतीचा प्रश्न येतो तो एवढाच, कीं पाहणारानें जें दिसलें तें खरें सांगावें.

परंतु येथेंही सृष्टि कधीं कधीं उत्तर नाकारते, आणि तें नाकारणेंही बोधप्रद असतें. हंगेरींतून अमेरिकेंत गेलेले ओल्ग्याय नांवाचे दोघे जुळे भाऊ १९५० नंतरच्या दशकांत प्रिन्स्टन येथील वास्तुप्रयोगशाळेंत काम करीत होते. त्यांनीं घुमटाखालीं कृत्रिम सूर्य, कृत्रिम वारा आणि खालीं माती अशी एक लहानशी सृष्टीच उभी केली व तिच्यांत घराचें मॉडेल ठेवून तें कोणत्या हवेंत कसें तापतें व निवतें हें पाहण्याचा यत्न केला. यंत्र मोठें नामी होतें. अडचण एकच होती: घर लहान करतां येतें, पण त्याबरोबर उष्णतेचे नियम लहान होत नाहींत. हातभर मॉडेलची भिंत ज्या वेळांत तापते, त्यावरून खऱ्या भिंतीचा वेळ सरळ त्रैराशिकानें काढतां येत नाहीं. त्या दोघां भावांचें श्रम वाया गेले असें मुळींच नाहीं; हवापाण्याकडे पाहून घर बांधावें, हा विचार शास्त्रीय पायावर आणून बसविण्याचें पुष्कळसें श्रेय त्यांचें आहे, आणि व्हिक्टर ओल्ग्याय याचा १९६३ सालचा ग्रंथ आजही वास्तुशाळांतून वाचतात. परंतु लहानावरून मोठ्याचें अनुमान करतांना मध्यें कांहींतरी गळून जातें, हा धडा त्या यंत्रानें दिला. आणि तो धडा मॉडेलच्या घराइतकाच प्रयोगास बसविलेल्या माणसालाही लागू आहे.

आतां दुसरा वर्ग. यांत प्रश्न माणसाला विचारलेला असतो. सुख मोजावें ही कल्पना कांहीं आजची नव्हे. इंग्लंडांत बेंथॅम यानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत सुखाची तीव्रता, टिकाऊपणा, निश्चितता इत्यादि मापें सांगून त्यांची बेरीज-वजाबाकी करावी असें प्रतिपादिलें. याच बेंथॅमनें दोनच वर्षांनीं एका इमारतीची योजनाही प्रसिद्ध केली, आणि ती इमारत म्हणजे तुरुंग होता! मध्यावर बसलेल्या एका पाहणाऱ्याला सभोंवारच्या सर्व कोठड्या दिसाव्या, आणि कोठडींतल्याला मात्र तो आपल्याकडे पाहतो आहे कीं नाहीं हें कळूं नये, अशी तिची रचना होती. सुखाचें गणित आणि ही वास्तु एकाच डोक्यांतून निघाली, यांत त्या सज्जन माणसाची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु जो मोजतो तो बाहेर, आणि ज्याला मोजावयाचें तो आंत, ही मांडणी दोहोंस समान आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

बेंथॅमला जें साधलें नाहीं तें निदान शीतोष्णापुरतें डेन्मार्कच्या ओले फँगर या शास्त्रज्ञानें साधलें, असें पुष्कळांस वाटलें. कॅन्सस व डेन्मार्क येथील बंद कोष्ठांत बसविलेल्या सुमारे तेराशें विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा आधार घेऊन त्यानें १९७० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हवेची उष्णता, भोंवतालच्या भिंतींची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरील कपडे आणि अंगमेहनत या सहा गोष्टी सांगा, म्हणजे बहुसंख्य लोकांना तेथें कसें वाटेल हें त्याचें सूत्र अगाऊ सांगतें. ही कामगिरी लहान नव्हे. तोंवर जेथें मालकाची लहर किंवा इंजिनिअरचा तर्क चालत असे, तेथें या माणसानें निदान माणसाला विचारलें. १९८४ सालीं हें सूत्र आंतरराष्ट्रीय मानकांत दाखल झालें, आणि जगांतील असंख्य मोठ्या इमारतींतली हवा त्याच्या आज्ञेंत वागूं लागली.

पण विचारलें कोणाला? कॉलेजांतील तरुणांना, थंड देशांत, बंद खोलींत. ज्यांना तेथें बसून खिडकी उघडतां येत नव्हती, पंखा लावतां येत नव्हता, उठून दुसरीकडे जातां येत नव्हतें, अशांना. सूत्राचा दोष त्याच्या गणितांत नव्हता. तें ज्यांचें होतें त्यांच्यापुरतें तें खरेंच होतें. दोष झाला तो पुढें. एका विशिष्ट माणसाचें उत्तर हळूहळू ‘माणसाचें’ उत्तर झालें. २०१५ सालीं दोघां डच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं इमारतींच्या हिशेबांत शरीराच्या उष्णतेचें जें मूळ माप धरतात, तें एका मध्यमवयीन पुरुषावरून घेतलेलें असून, स्त्रियांच्या बाबतींत तें शेंकडा पस्तिसांपर्यंत अधिक असूं शकतें. माझ्या शेजारच्या त्या बाईंनीं पदर कां ओढून घेतला, याचें उत्तर मला येथें मिळालें. नाजूकपणाचा येथें कांहीं संबंध नव्हता. हिशेबच दुसऱ्याच्या अंगाचा होता.

आणि आपल्या देशाचें काय? राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २००५ च्या आवृत्तींत वातानुकूलित जागेसाठीं उन्हाळ्यांत २३ ते २६ अंश आणि हिवाळ्यांत २१ ते २३ अंश अशी मर्यादा घातलेली होती. शिमल्याला तीच आणि चेन्नईलाही तीच! वैशाखांत चेन्नईच्या कारकुनानें कोट चढवावा आणि पौषांत शिमल्याच्या कारकुनानें तो उतरवावा, म्हणजे संहितेचा मान राहील, असाच त्याचा अर्थ होत होता.

विशेष हें, कीं याच्या उलट सांगणारा पुरावा आपल्याच भूमीवर कधींच गोळा झालेला होता. इंग्लंडच्या बांधकाम-संशोधन खात्यांतील चार्ल्स वेब यानें उत्तर हिंदुस्थानांत रुडकी येथें व इराकांत बगदाद येथें लोकांच्या नित्याच्या व्यवहारांत त्यांच्या शीतोष्णाच्या भावना टिपून घेतल्या होत्या. आणि फर्गस निकल यानें १९७४ सालीं त्या टिपणांचें विवेचन प्रसिद्ध केलें. बंद कोष्ठांतील विद्यार्थ्यांच्या हिशेबानें जी हवा असह्य ठरावी, थर्मामीटर तीस अंशांच्या वर असतां जी असते, त्या हवेंतही वारा वाहता असला तर हे लोक आपण ठीक आहों असें सांगत होते. पुढें बर्कलीच्या वास्तुशाळेंतील गेल ब्रेगर आणि ऑस्ट्रेलियांतील रिचर्ड डी डिअर यांनीं चार खंडांतील १६० इमारतींतून मिळालेल्या सुमारे २१,००० नोंदी एकत्र करून १९९८ सालीं हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली. ज्या इमारतींत लोकांना खिडकी उघडतां येते, तेथील लोक बाहेरच्या ऋतुमानाप्रमाणें आपलें सुख वर-खालीं सरकवीत असतात. ज्या इमारती बंद असतात, तेथील लोकांचें सुख एका अंकाला खिळून बसतें आणि तो अंक एक-दोन अंशांनीं ढळला कीं तक्रार सुरू होते.

अखेर आपल्याकडेही हें काम झालें. अहमदाबाद येथें बाळकृष्ण दोशी यांनीं १९६२ सालीं काढलेल्या वास्तुशाळेचीच पुढें युनिव्हर्सिटी झाली. तेथील संशोधकांनीं देशाच्या पांच प्रकारच्या हवामानांत, सोळा कचेऱ्यांतून, तीन ऋतूंत ६,३३० उत्तरें गोळा केलीं. आधींच्या तीस दिवसांचें बाहेरील हवेचें मान १२.५ अंशांपासून ३१ अंशांपर्यंत बदलत गेलें, तसें वाहत्या हवेच्या इमारतींतील लोकांचें ‘सम’ १९.६ पासून २८.५ पर्यंत सरकत गेलें, असें त्यांस आढळलें. हा निष्कर्ष बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत स्वीकारला गेला. त्याच सुमारास, १ जानेवारी २०२० पासून, खोल्या थंड करणारीं तारांकित यंत्रें मुळांतच २४ अंशांवर लावून विकावीं असाही नियम झाला. प्रयोगशाळेचा अंक नियमांत व नियम भिंतींत जातो असें मीं वर म्हटलें, त्याचा हा प्रत्यक्ष दाखला होय. आणि या खेपेस अंक निदान आपल्या माणसांना विचारून काढला, एवढें समाधान आहे.

या सर्वांतून तात्त्विक सिद्धांत कोणता निघतो? माझ्या मतें असा, कीं सुख ही कातड्याला होणारी केवळ एक वेदना नसून तींत कर्तृत्वाचाही अंश असतो. तीच उष्णता, तीच आर्द्रता. परंतु ‘मी उठून खिडकी उघडूं शकतों’ एवढें ज्ञान मनाशीं असलें, कीं तीच हवा सोसवते. खिडकी प्रत्यक्ष उघडावी लागतेच असें नाहीं. शीतोष्ण समान मानावें असा उपदेश आपल्या तत्त्वज्ञानानें केला, तो संन्याशाला ठीक आहे. गृहस्थाचा धर्म निराळा. त्यानें शीतोष्णाशीं व्यवहार करावयाचा असतो. दार ओढावें, पडदा सोडावा, सतरंजी उचलून गच्चीवर न्यावी, हा तो व्यवहार होय. माझ्या आईचें वय आतां ऐंशीच्या पुढें गेलें आहे. धाकट्या भावानें तिच्या खोलींत मोठ्या हौसेनें यंत्र बसविलें आणि २४ वर लावून दिलें. दुपारीं पाहावें तों ती बाहेर गॅलरींत खुर्ची टाकून बसलेली! भाऊ रागावला, तेव्हां ती म्हणाली, “मला गारवा नको रे, वारा हवा.” तिच्या चार शब्दांत डी डिअर आणि ब्रेगर यांच्या एकवीस हजार नोंदींचा बराचसा अर्थ आला आहे, असें मला पुतणीनें नंतर सांगितलें.

येथें कोणी म्हणेल, मग या प्रयोगशाळांचें प्रयोजन काय? आपले जुने वाडे कोणत्या प्रयोगशाळेंत सिद्ध झाले होते? सकाळीं ओसरी, दुपारीं माजघर, संध्याकाळीं चौक, रात्रीं गच्ची, असा घरांतल्या घरांत ऋतूंशीं संसार करण्याची कला आपल्या पूर्वजांस अवगत नव्हती काय? हा आक्षेप गोड आहे, आणि म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. जाड भिंतींचें माजघर दुपारीं थंड असे, हें मीं लहानपणीं अनुभविलें आहे. परंतु त्याच वाड्यांत एक स्वयंपाकघर होतें. त्याच्या भिंती धुरानें काळ्या झालेल्या होत्या आणि उजेड येण्याला एक हातभर झरोका होता. माझी आजी तेथें पहांटे शिरे ती दुपारीं बाहेर येई. तिचे डोळे बारा महिने लाल असत. ओसरीवर बसणारे पुरुष तीन पिढ्या तो वाडा उत्तम म्हणत आले. झरोका मोठा करावा, असें त्यांतील कोणाच्याही मनांत आलें नाहीं. कारण त्या चुलीपुढें कोणी बसला नव्हता आणि तेथें बसणारीला कोणीं विचारलें नव्हतें. आणि गांवकुसाबाहेर ज्यांनीं घरें बांधून राहावें असा आपण नियम केला होता, त्यांच्या घरांतील हवेची गोष्टच काढावयास नको.

म्हणून परंपरा हाही एक प्रयोगच होता. फरक इतकाच, कीं त्याचें टिपण कोणीं ठेवलें नाहीं आणि त्यांतील दुखावलेल्यांचें उत्तर कोणीं मागितलें नाहीं. प्रयोगशाळेचा खरा सद्गुण तिच्या यंत्रांत नाहीं. ‘तुम्हांला येथें कसें वाटतें?’ हा प्रश्न ती विचारते आणि उत्तर लिहून ठेवते, हा तिचा सद्गुण. आणि तिचा दोषही त्याच ठिकाणीं आहे: कांहींजणांना विचारून ती सर्वांचें उत्तर मिळालें असें मानूं लागते. अहमदाबादच्या त्या ६,३३० उत्तरांतही उत्तर देणारे कचेरींत बसणारे होते. पुढें त्याच संस्थेनें राहत्या घरांचाही अभ्यास हातीं घेतला, हें योग्यच झालें. परंतु जो गवंडी ती कचेरी बांधतो व रात्रीं पत्र्याखालीं निजतो, त्याला कारकुनाचा अंक लावतां येणार नाहीं. त्याला वेगळेंच जाऊन विचारलें पाहिजे. शिवाय माझी खोली थंड करणारें यंत्र आंतली उष्णता नष्ट करीत नाहीं, तर ती स्वतःच्या उष्णतेसह बाहेर गल्लींत टाकतें. म्हणजे माझ्या सुखाच्या कागदावर जी खूण पडते, तिची किंमत गल्लींतल्या भाजीवालीच्या कागदावर पडत असते, आणि तो कागद कोणीं छापलेलाच नसतो!

तेव्हां अशा संशोधनाची नीति कोणती, या मूळ प्रश्नाला माझें उत्तर तीन कलमांत सांगतां येईल. पहिलें, अंक सांगतांना तो कोणाचा, हेंही प्रत्येक वेळीं सांगावें. ज्याचें मूळ सांगितलें नाहीं असा अंक नियमांत घालूं नये. दुसरें, मोजणारानें शक्य तोंवर स्वतः आंत बसावें. फ्राय ओटोनें १९६७ च्या माँट्रिअल येथील प्रदर्शनासाठीं जो तंबू योजिला, त्याचा एक नमुना आधीं स्टुटगार्टला उभारून पाहिला होता. पुढें त्यावर पक्कें आच्छादन घालून त्यानें आपली संस्थाच त्या नमुन्यांत नेली. ज्या छताचा प्रयोग, त्याच छताखालीं प्रयोग करणारे बसूं लागले. अहमदाबादेसही ऊर्जेचा खर्च व उत्पन्न सारखें राखणारी एक इमारत बांधून संशोधक तिच्यांतच आपलें काम करतात. बेंथॅमच्या मनोऱ्यांतून पाहणें आणि स्वतःच्या तंबूंत बसून पाहणें, यांत नीतीच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. तिसरें, प्रत्येक घरांत उघडतां येण्याजोगी एक खिडकी ठेवावी. हें मी अक्षरशः म्हणतों आणि लक्षणेनेंही म्हणतों. राहणाराला मोजणाऱ्याचा निर्णय फिरवितां आला पाहिजे, आणि नियमालाही उद्यांच्या उत्तरानें बदलतां आलें पाहिजे.

हीं कलमें मीं पुतणीला वाचून दाखविलीं, तेव्हां ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, फँगरच्या सूत्रांत एक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिली नाहीं. सर्व कांहीं अगदीं बरोबर जुळवून आणलें, सम म्हणजे सम केलें, तरी शंभरांत पांच माणसें असमाधानीच राहतात, असें तो धरून चालतो. शून्य कधींच येत नाहीं.”

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती ऐकून माझें त्या शास्त्रज्ञाविषयींचें मत एकदम बदललें. ज्यानें सुखाचें सूत्र लिहिलें, त्यानें त्याच सूत्रांत त्याची उणीवही लिहून ठेवली होती. ती उणीव आपण वाचली नाहीं; अंक तेवढा उचलला. शंभरांतले ते पांच कोण, याचा शोध घेणें आणि त्यांना उठून जाण्यासाठीं एक गॅलरी ठेवणें, हें काम सूत्राचें नव्हे. तें घर बांधणाराचें.

पुतणी परत जाण्याच्या आदल्या दिवशीं तिनें तो सात घरांचा कागद आजीपुढें धरला. आईनें चष्मा लावून सातही घरें वाचलीं आणि विचारलें, “यांत वारा कुठें आहे?” मुलीनें कागद परत घेतला, समासांत कांहींतरी लिहिलें आणि तो आपल्या वहींत ठेवला. काय लिहिलें, तें मीं विचारलें नाहीं. पण कागदाला समास होता आणि तिनें तो वापरला, एवढ्यावरून त्या प्रयोगशाळेविषयीं मला पुष्कळ भरंवसा वाटूं लागला आहे.